अप-डाऊन

कल्याणच्या माणसाला 'सध्या काय चाललंय?' असे विचारले की निम्मे लोक सांगतात, 'काही नाही, अप-डाऊन.' मुंबईकडे जाते ती अप गाडी, मुंबईकडून येते ती डाऊन. आमच्या चाळीतल्या आजींना इंग्रजीचे एक अक्षर वाचता येत नाही. पण 'अपला गर्दी आहे का गं?' हे त्या बिनचूक विचारतात. मीही कॉलेजसाठी रोज कल्याण-ठाणे अप-डाऊन करते. तेव्हा 'अप' हा शब्द माझ्या घरातलाच म्हणायला हरकत नाही. आणि या घरातल्या शब्दानेच गेल्या मे महिन्यात मला तोंडघशी पाडले.

त्याचे असे झाले. सुट्टीत ठाण्याच्या एका कचेरीत नोकरी होती. फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या आणि टिपून ठेवायच्या. पहिली चाचणी फोनवरच होती. चार प्रश्नांची उत्तरे मी बरी दिली. मग पलीकडच्या बाई म्हणाल्या, 'हँग ऑन.' बारावीला पाठ केलेल्या यादीत 'हँग अप म्हणजे फोन ठेवणे' असे होते. मला वाटले, मुलाखत संपली. 'थँक यू मॅडम' म्हणून मी फोन ठेवून दिला! 'हँग ऑन' म्हणजे 'जरा थांबा', हे मला दोन दिवसांनी एका मैत्रिणीकडून कळले. पुन्हा काही त्यांचा फोन आला नाही.

वाचकांना हसू येईल. खुशाल हसा, आता मीही हसते. पण त्या दिवशी हसू येत नव्हते. त्या पगारावर धाकट्या भावाच्या अकरावीची फी धरलेली होती. वडील सातवीपर्यंत शिकलेले, डोंबिवलीच्या एमआयडीसीत हेल्पर आहेत. आई चौथी शिकलेली. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. 'तुला तर इंग्रजी येतं ना?' असे आईने विचारले, तेव्हा काय उत्तर द्यावे ते सुचेना.

कारण येत होते की! 'पोस्टपोन' येते, 'टॉलरेट' येते, 'इन्व्हेस्टिगेट' तर स्पेलिंगसकट येते. पण फोनवर बोलणारी माणसे असे बोलत नाहीत. ती 'पुट ऑफ' म्हणतात, 'पुट अप विथ' म्हणतात, 'लुक इन्टू' म्हणतात. मोठाले शब्द पाठ करून साधतात. पाय अडखळतो तो या चिमुकल्या शब्दांत. हे केवळ आम्हा मराठी माध्यमवाल्यांचे दुखणे आहे असेही नाही. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवले की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे बारावीपर्यंत माझी बारा वर्षे इंग्रजीत गेली. या क्रियापदांच्या वाट्याला त्यात काय आले? तर एक यादी, समोर अर्थ आणि 'आपल्या वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न. आम्ही गाईडातली वाक्ये आपली म्हणून लिहिली, गुण मिळाले, यादी विसरलो. शिवाय दंडक असा की इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचे नाही. माझी तक्रार आहे ती या दंडकाबद्दल. कारण या कुलपाची किल्ली आमच्या खिशात आहे, आणि नेमका तोच खिसा वर्गाबाहेर ठेवायला सांगतात.

'येणे' हे साधे क्रियापद घ्या. अंगात येणे, अंगावर येणे, अंगाशी येणे. तीन प्रत्यय, तीन निराळे प्रसंग! पहिल्यात देवी येते, दुसऱ्यात भांडखोर शेजारीण आणि तिसऱ्यात आपलीच चूक. 'मागे पडणे', 'मागे लागणे', 'मागे घेणे' यांतला भेद कोणा मराठी पोराला यादी करून शिकवावा लागला आहे? तीच गोष्ट संयुक्त क्रियापदांची. 'सांगितले' म्हणजे नुसते सांगितले. 'सांगून टाकले' म्हणजे ओझे उतरले. 'सांगून बसले' म्हणजे आता पस्तावते आहे. 'पाहीन' आणि 'पाहून घेईन' यांत तर मारामारीचे अंतर आहे.

आता इंग्रजीकडे वळा. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. तेही 'देतात', आपणही 'देतो'. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणे. 'टेक आफ्टर'चा अर्थ मला तीनदा वाचून लक्षात राहिला नव्हता. मग एकदा आत्या म्हणाली, 'पोरगी आईच्या वळणावर गेलीय,' आणि तो डोक्यात पक्का बसला. प्रत्येक वेळी असे जुळेलच असे नाही. शब्दाला शब्द लावत गेलो तर फसगतच होईल. पण 'छोटा शब्द अर्थ फिरवतो' ही युक्ती आपल्याला पाळण्यापासून ठाऊक आहे, एवढे जरी सरांनी पहिल्या तासाला सांगितले असते तरी निम्मी भीती गेली असती.

याबाबतीत माझे खरे गुरू निघाले माझे वडील. त्यांच्या कारखान्यातली बोली ऐका: ब्रेकडाऊन, शटडाऊन, ले-ऑफ, लॉकआऊट. मी सहज विचारले, 'बाबा, ले-ऑफ आणि लॉकआऊटमध्ये फरक काय?' ते जेवता जेवता म्हणाले, 'ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवतात, थोडाफार पगार देतात. लॉकआऊट म्हणजे मालक गेटला कुलूप लावतो, आपण बाहेर.' मग थोडे थांबून म्हणाले, 'आणि लॉकडाऊन म्हणजे आपण आत.' मी घास हातात धरून बघतच राहिले. २०२० साली आपल्या वर्तमानपत्रांनी लॉकडाऊनला 'टाळेबंदी' म्हटले. पण तो शब्द तर लॉकआऊटसाठी आधीपासूनच रुळलेला होता. आत कोंडलेला आणि बाहेर काढलेला, दोघांना मराठीत एकच शब्द झाला. तो फरक सातवी शिकलेल्या माणसाने 'आऊट' आणि 'डाऊन' यांवरून बरोबर ओळखला. त्यांना कुणी यादी दिली नव्हती. त्यांनी ते शब्द सोसून शिकले होते.

माझी एक इंग्रजी माध्यमातली मैत्रीण म्हणते, 'हे शिकवून येत नाही गं, कानावर पडून येतं.' खरे आहे. पण तिच्या कानावर ते घरी पडले. आमच्या कानांनी काय करावे? आणि तिचे कान तरी कुठे निर्दोष आहेत? 'नेक्स्ट इयर आय विल पास आऊट' असे ती ऐटीत सांगते. आपल्याकडे याचा अर्थ पदवी घेऊन बाहेर पडणे. लंडनच्या माणसाला मात्र वाटेल, ही मुलगी पुढच्या वर्षी चक्कर येऊन पडणार आहे. असो.

सध्या मी एक वही केली आहे. डाव्या पानावर इंग्रजी क्रियापद आणि उजव्या पानावर, घरात कुणाच्या तोंडून जे मराठी ऐकले ते, माणसासकट. 'खपवून घेणे' आईचे आहे, 'वळणावर जाणे' आत्याचे, चार शब्द वडिलांचे. 'हँग ऑन'च्या समोरचे पान बरेच दिवस कोरे होते. परवा ठाण्याला गाडीत चढताना दारातली एक बाई मागच्या लोंढ्याला ओरडली, 'अगं, दम धरा जरा!' डोंबिवली येईपर्यंत वही काढायला जागाच मिळाली नाही.