विश्लेषण : मुलांच्या ॲनिमेशनपटांत लठ्ठ पात्र हसण्यापुरतेच का?

विद्यार्थ्यांच्या खाण्यात किती साखर जाते हे दाखवणारे ‘शुगर बोर्ड’ शाळांत लावा, अशी सूचना केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना केली. पण खाणे आणि शरीर यांविषयीचे धडे मुले केवळ शाळेतील फलकावरून गिरवत नाहीत. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत पाहिलेले ॲनिमेशनपटही ते देत असतात. हे चित्रपट नेमके काय शिकवतात?

‘वॉल-ई’ची गोष्ट काय?

या विषयावरील चर्चेत हमखास निघणारे नाव म्हणजे पिक्सारचा ‘वॉल-ई’ (२००८). अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शित या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. काळ २९व्या शतकाचा. पृथ्वी कचऱ्याखाली गाडली गेली आहे आणि माणसे ‘ॲक्झिअम’ या अंतराळयानात सात शतके राहत आहेत. सारा कारभार ‘बाय एन लार्ज’ या एकाच महाकाय कंपनीचा. प्रवासी तरंगत्या खुर्च्यांवर पडून असतात, डोळ्यांसमोर पडदा आणि जेवणही पेल्यातून पिण्याचे. खुर्चीवरून घसरले तर स्वतःहून उठता येत नाही. यानाच्या कप्तानांची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. पिढ्यागणिक देह कसा फुगत गेला, हे त्यांतून दिसते.

चित्रपट दोष कोणाला देतो?

संहितेपुरते पाहिले तर दोष खाणाऱ्याला नाही, व्यवस्थेला आहे. माणसाला हलण्याची गरजच उरू न देणारी कंपनी आणि अंतराळात झिजलेली हाडे, ही कारणे चित्रपट देतो. ही माणसे मोठ्या आकाराची तान्ही बाळे वाटावीत, अशी कल्पना होती, असे स्टँटन यांनी सांगितले आहे. जॉन आणि मेरी हे दोन प्रवासी पडद्यावरची नजर काढतात तेव्हा त्यांना आजूबाजूचे जग पहिल्यांदा दिसते. शेवटी कप्तान स्वतःच्या पायांवर उभा राहून स्वयंचलित यंत्रणा बंद करतो. चित्रपटाची या माणसांबद्दलची आस्था त्यात दिसते.

मग आक्षेप कशावर?

‘स्लेट’ या अमेरिकी नियतकालिकात डॅनिएल एंगबर यांनी तेव्हाच टीका केली होती. पृथ्वीचा नाश आणि लठ्ठपणा यांची सांगड घालणे त्यांना चुकीचे वाटले. वजनामागे आनुवंशिकतेचाही मोठा वाटा असतो. केवळ आळस आणि हावरेपणा ही त्याची कारणे नव्हेत.

दुसरा मुद्दा प्रेक्षकाच्या वयाचा. कंपनीची मक्तेदारी सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याच्या लक्षात राहतात ती एकमेकांवर गडगडणारी जाडी माणसे. त्या यानावर एकही सडपातळ आळशी माणूस नाही. त्यामुळे टीका व्यवस्थेवर असली तरी हसू मात्र शरीरावर येते.

‘कुंग फू पांडा’ वेगळा ठरतो का?

अर्धाअधिक. ‘वॉल-ई’च्याच वर्षी आलेल्या ड्रीमवर्क्सच्या या चित्रपटात पो या पांडाच्या पोटावरून विनोद भरपूर आहेत. तो मन खट्टू झाले की खात सुटतो. पण गुरू शिफू त्याच्या खाण्याच्या आवडीचाच वापर करून त्याला तयार करतो आणि अखेरच्या लढतीत तेच पोट ताई लंगवर भारी पडते. नायक होण्यासाठी पोला बारीक व्हावे लागत नाही, हे महत्त्वाचे. मात्र तिथवर पोहोचेपर्यंत मुले त्याला बरेचदा हसलेली असतात.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेत २००६ ते २०१० या काळातील सर्वाधिक कमाई करणाऱ्या २० बालचित्रपटांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ७० टक्के चित्रपटांत वजनावरून हिणवणारा मजकूर होता. २०१२ ते २०१५ मधील ३१ चित्रपटांचा पुढील अभ्यास ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. लठ्ठपणाला पूरक सवयी सर्वच्या सर्व चित्रपटांत दिसल्या आणि वजनावरून हिणवणे पाचपैकी चारांहून अधिक चित्रपटांत होते. थोडक्यात, एकच चित्रपट भरमसाट खाणे मौजेचे दाखवतो आणि त्याच खाण्याने सुटलेल्या शरीराची थट्टाही करतो.

आपल्याकडे चित्र काय?

२००८ पासून घराघरांत पोहोचलेल्या ‘छोटा भीम’मध्ये लाडू खाल्ला की भीमला बळ येते. कालियालाही खाण्याची तेवढीच आवड. पण तो आडदांड देहाचा, म्हणून हावरट आणि दादागिरी करणारा. खाणे तेच, मात्र एकाच्या वाट्याला टाळ्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला हशा. वर्गात ‘जाड्या’, ‘ढब्ब्या’ अशी हाक मारणाऱ्या मुलाला यात काही गैर वाटण्याचे कारण उरत नाही.

थट्टेने वजन कमी होते का?

उलट घडण्याचीच शक्यता अधिक. हिणवल्या जाणाऱ्या मुलांमध्ये एकटेपणा, अनावर खाणे आणि व्यायाम टाळणे वाढते, असा इशारा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिला होता. खेळाच्या तासाला सगळे हसणार असतील, तर ते मूल मैदानात उतरेल कशाला?

भारतात हा प्रश्न वाढतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२२ मध्ये जगातील ५ ते १९ वयोगटातील सुमारे १६ कोटी मुले लठ्ठ होती.

बदल होतो आहे का?

थोडा. डिस्नेच्या ‘रिफ्लेक्ट’ (२०२२) या लघुपटात बिआंका ही स्थूल मुलगी बॅले नृत्य करते. आरशातील स्वतःच्या प्रतिमेची भीती ती नाचूनच जिंकते. वजन घटवून नव्हे. अर्थात, ही काही मिनिटांची फिल्म आहे.

पालकांनी काय करावे?

चित्रपटांवर बंदी घालण्याची गरज नाही. ‘वॉल-ई’ पाहावाच असा चित्रपट आहे. मात्र तो संपल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : ही माणसे अशी झाली, यात चूक कोणाची? ‘त्यांचीच’ असे उत्तर आले, तर त्यांना चालायला जागाच कोणी ठेवली नव्हती, हे समजावून सांगता येईल. आणि मुलांसोबत बोलताना आपणही कोणाच्या पोटावरून विनोद करत नाही ना, हे तपासता येईल. कारण ती भाषा मुले पडद्याआधी घरातच ऐकतात.