उचलून बघण्याआधी वाकून बघा

पोरांनो, आणि लेकरांना सायकल घेऊन देणाऱ्या आईबापांनो, दुकानात गेलं की आपण सायकल उचलून बघतो. हलकी लागली की पोरगं खूश. सोबतचे आजोबा म्हणतात, जड घ्या, टिकेल. ही दोन्ही मापं चुकीची आहेत. ज्याला शिकवणीला जाण्यापुरती सायकल लागते त्याचं यात फार बिघडत नाही. पण ज्याला पायऱ्यांवरून, खडकांवरून ती उडवायची आहे, त्याचे हातपाय मोडू शकतात.

जड म्हणजे मजबूत नव्हे, हे लातूरकरांनी सोसून शिकलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात भूकंपाने दीड-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती कोसळल्या. दगड पक्काच होता. पण तो नुसत्या मातीत बसवलेला होता, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि वर माळवदाचा भार होता. घात सांध्यांनी केला. सायकलची फ्रेमही बहुधा सांध्यापाशीच तुटते.

आता हलकेपणाचं बघू. ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता अडथळे पार करण्याचा खेळ. देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर तो मनात सहज दिसतो. यात सायकल घडोघडी उचलावी लागते, म्हणून ती हलकी हवीच. या खेळातल्या बऱ्याच सायकलींना सीटसुद्धा नसते. पण तिथं वजन कमी केलेलं असतं ते विचार करून. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये पेटंट घेतलेली नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ होती, कारण ताण जोडापाशी येतो. तुम्ही घरी फ्रेमला भोकं पाडता, ब्रेक काढून टाकता, तेव्हा हा विचार कुठे असतो?

धातूही ओळखा. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी. म्हणून त्याच्या नळ्या मोठ्या घेराच्या करतात. पोलाद मर्यादेतले धक्के वर्षानुवर्षं पचवतं आणि तुटण्याआधी बहुधा वाकून दाखवतं. ॲल्युमिनियमच्या आत मात्र लहान-लहान धक्क्यांचाही थकवा साठत जातो आणि ते फारशी सूचना न देता चिरतं. म्हणून उड्यांसाठी वापरलेली ॲल्युमिनियमची फ्रेम जन्मभराची समजू नका.

दर रविवारी सायकल धुवा आणि उजेडात बघा. हँडलखालचा नळा, तिथून खाली येणाऱ्या नळीची खालची बाजू, पायडलजवळचा जोड, मागच्या चाकाचे जोड. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नखाने चाचपा. नख अडकलं किंवा रेघेतून गंज डोकावला, तर सायकल त्याच दिवशी बंद करा. पुढचा चिमटा वाकला असेल तर ठोकून सरळ करू नका, बदला.

ॲल्युमिनियमची भेग गेट-ग्रील करणाऱ्याकडे वेल्ड करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचा धातू मऊ पडतो. कारखान्यात त्यानंतर फ्रेमवर ठरावीक तापमानाची प्रक्रिया करून ताकद परत आणतात. ती सोय गल्लीतल्या दुकानात नसते. मिस्त्रींनाही विनंती आहे, अशा वेळी गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणा.

साध्या सायकलीवर उड्या मारू नका. शिकायचंच असेल तर हेल्मेट घालून वीतभर उंचीपासून सुरुवात करा, गुडघे आणि कोपरं सैल ठेवून उतरायला शिका. धक्का अंगाने झेलला की फ्रेमवर कमी येतो.

आणि एक कळकळीचं सांगणं. चिरलेली फ्रेम रंग मारून विकू नका. ती कापून भंगारात द्या. चार पैसे कमी येतील, येऊ द्या. नाहीतर ती सायकल नांदेडच्या नाही तर लातूरच्या कुठल्यातरी गल्लीत दुसऱ्या कुणाच्या लेकराखाली जाईल, आणि त्या लेकराला रंगाखालची चीर ठाऊक नसेल.