विश्लेषण : लिबरल आर्ट्स कॉलेजचा दर्जा क्रमवारीतून कळतो का?

अमेरिकेत पदवीसाठी जाऊ पाहणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांच्या यादीत एमआयटी, स्टॅनफर्डबरोबर कधी कधी विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर ही नावेही असतात. घरात ती फारशी कुणी ऐकलेली नसतात. राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च मात्र ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. मग पालक आधार शोधतात तो ‘यूएस न्यूज’च्या क्रमवारीत.

क्रमवारी ठरते कशी?

१९८३ मध्ये सुरू झालेल्या या क्रमवारीत लिबरल आर्ट्स कॉलेजांची यादी वेगळी असते. त्यात २० टक्के भार प्रतिष्ठेला आहे. इतर कॉलेजांचे अध्यक्ष आणि डीन १ ते ५ गुण देतात. वर्गात बसून शिकवणे कसे आहे, हे कुणी पाहत नाही. २०२३ मध्ये तर वर्गातील पटसंख्या हा निकषच काढून टाकला गेला. छोटे वर्ग हीच ज्या कॉलेजांची ओळख, त्यांच्या यादीतून तो गेला, हे अजबच.

बरेचसे आकडे कॉलेजांनीच दिलेले असतात. क्लेरमाँट मॅकेना कॉलेजने २०१२ मध्ये एसएटीचे गुण फुगवून कळवल्याची कबुली दिली होती. रीड कॉलेजने १९९५ पासून या क्रमवारीला माहिती देणेच थांबवले.

मग पाहायचे काय?

विद्यार्थ्याकडून काम किती आणि कसले करून घेतले जाते, हे. रीडमध्ये प्रत्येकाला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहून त्यावर तोंडी परीक्षा द्यावी लागते. विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी असतात. एक निबंध मांडतो, दुसरा त्याची चिकित्सा करतो. स्वार्थमोरचा १९२२ पासूनचा ऑनर्स अभ्यासक्रम तर दर्जाची थेट कसोटीच म्हणावा असा आहे. तेथे परीक्षक बाहेरून येतात, त्यामुळे ऑनर्सचा निर्णय शिकवणाऱ्याच्या हाती नसतो.

पुढे किती जण पीएचडी करतात, हा आकडाही वापरला जातो. त्यात रीड, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल आघाडीवर असतात. पण संशोधनाची आवड असलेली मुलेच तेथे जात असतील, तर सगळे श्रेय कॉलेजचे कसे? पदवी पूर्ण करणाऱ्यांच्या टक्केवारीचेही तेच, सुखवस्तू घरांतील मुले जास्त असली की ती वाढते.

पटसंख्येचा तपशील मात्र अजूनही मिळतो. अनेक कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ संकेतस्थळावर टाकतात. किती वर्गांत दहापेक्षा कमी आणि किती वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी आहेत, हे त्यात असते.

भारतात काय?

‘एनआयआरएफ’मध्ये लिबरल आर्ट्ससाठी वेगळा गट नाही. विद्यापीठांच्या गटात संशोधनाबरोबर पेटंटही मोजले जातात. इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या विभागाने पेटंट आणायचे कुठून? त्यामुळे पुण्याचे फ्लेम असो वा सोनीपतचे अशोका, अभ्यासक्रमपत्रिका, शेवटच्या वर्षाचे प्रबंध आणि वर्गाची पटसंख्या पालकांना स्वतःच विचारून घ्यावी लागते.