आधी आवाज की आधी काटा?

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत चौथीतला एक पठ्ठ्या माझ्या टेबलाशी आला. "बाई, दादानं जुनी ऑक्टेव्हिया घेतलीय. टर्बोवाली! आता तो सायलेन्सर बदलणार. गल्ली हादरेल असा आवाज! मग गाडी जास्त पळेल ना?"

दादाही माझाच जुना विद्यार्थी. संध्याकाळी गाडी घेऊन दारात हजर! साठवलेल्या पैशांत एकच गोष्ट बसत होती : सायलेन्सर, नाहीतर इंजिनाची तब्येत सांगणारे जादा मीटर.

आता एक गणित करा बरं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं. दर फेऱ्याला दोन वेळा जळका वायू धाडकन बाहेर पडतो. म्हणजे सेकंदाला 100 धडाके! ते सायलेन्सरच्या डब्यात शिरतात. तिथल्या भिंतींवर, भोकं पाडलेल्या नळ्यांत आपटून लाटा एकमेकींना मारतात नि आवाज विरतो. दुसऱ्या प्रकारात सरळ भोकांची नळी नि भोवती काचेचा कापूस असतो. यात वायूला अडथळा कमी, म्हणून वेगवाल्यांना तो आवडतो. पण आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं मुळीच नाही. रिकामा डबा जास्त वाजतो, हे आपल्या वर्गातही दिसतंच की! शिवाय शाळा-दवाखान्यांभोवतीचा 100 मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील.

मला खरी काळजी वेगळीच होती. दिवाळीत घरची सगळी मंडळी याच गाडीतून कोकणात जाणार होती. स्वस्तात कुठंतरी वेल्डिंग करून घेतलं आणि सांधा गळका राहिला तर? त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. काचा बंद असल्या तर माणसं झोपेतच बेशुद्ध पडतात, जीवही जातो. हे सांगितलं तेव्हा दादा गप्प झाला.

"मग टर्बोचा दाब दाखवणारा मीटर घेऊ का?" त्यानं विचारलं. दिसायला तो झकास! पण मी म्हटलं, अरे, आधी तेलाच्या दाबाचा घे. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा दाब अगदीच खाली गेल्यावर लागतो. तोवर नुकसान सुरूही झालेलं असतं. काटा आधीच सांगतो.

यात्रेत फुंकली की जीभ उलगडणारी कागदी पिपाणी मिळते ना? दाबाचे जुने मीटर तसेच चालतात. वाकवलेल्या नळीत दाब शिरला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. 1849 साली बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं ही युक्ती काढली. मात्र अशा मीटरला गरम तेलाची बारीक नळी थेट गाडीच्या आत आणावी लागते. फुटली तर पायांवर तेल! त्यापेक्षा इंजिनाजवळ सेन्सर नि आत फक्त वायर, हा प्रकार बरा. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

शेवटी दादानं तोच बसवला. जुन्या सायलेन्सरचे सांधेही गॅरेजात तपासून घेतले.

धाकटा मात्र खट्टू. "बाई, गल्ली हादरलीच नाही!" पण आता मागच्या सीटवरून मान लांब करून दर पाच मिनिटांनी काट्याचा आकडा तोच ओरडून सांगतो म्हणे.