चित्राखालची ओळ

लेखाला एखादे चित्र असावे, असे कोणाला वाटत नाही? अक्षरांनी गच्च भरलेले पान पाहून चांगला वाचकही क्षणभर बिचकतो. परंतु मध्येच एखादे छायाचित्र दिसले की त्याची दृष्टी तेथे विसावते आणि मग आपसूक मजकुराकडे वळते. मात्र ही हौस पूर्वी फार महाग पडे. शिशाच्या खिळ्यांनी छपाई होई त्या काळी एक छायाचित्र छापावयाचे म्हणजे केवढा खटाटोप! मूळ चित्राचा बारीक जाळीतून पुन्हा फोटो घ्यावयाचा, म्हणजे त्यातील छायाप्रकाशाचे लहानमोठे ठिपके होत. ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून पत्रा आम्लाने कोरावयाचा आणि लाकडावर बसवून खिळ्यांच्या उंचीला आणावयाचा, तेव्हा कोठे ब्लॉक तयार होई. साहजिकच कोणते चित्र घ्यावे याचा दहादा विचार होई.

आता खिशातून फोन काढला की दोन मिनिटांत चित्र मजकुरात जाऊन बसते. सोय झाली, यात शंका नाही. पण त्या दोन मिनिटांत काय घडू शकते, ते आम्ही अनुभवले आहे.

2024 साली आमच्या वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त आम्ही घरच्या घरी एक पुस्तिका काढली. मजकुराला चार महिने लागले. चित्रे मात्र एका संध्याकाळी जोडून मोकळे झालो. पहिल्या पानावर बडोद्यातील दांडिया बाजारच्या जुन्या घराच्या ओटीवर 1956 मध्ये काढलेला साऱ्या कुटुंबाचा फोटो घातला. पान उभे, फोटो आडवा. काही केल्या बसेना. तेव्हा बोटाने त्याच्या कडा जराशा आत सरकवल्या. गेला तर एखादा खांब जाईल, असे वाटले. पुस्तिका छापून घरोघर पोहोचली आणि चार दिवसांनी इंदूरहून चुलत बहिणीचा फोन आला, "दादा, पुस्तिका छान झाली रे. पण आक्काआत्या कुठे गेली?"

आक्काआत्या त्याच खांबाला टेकून उभी होती. ऐन तारुण्यात वैधव्य घेऊन ती माहेरी आली आणि आईच्या दीर्घ दुखण्यात आम्हा चारही भावंडांना तिनेच वाढवले. फोटोच्या वेळी सर्वांच्या मागे, एका कडेला उभे राहायचे, हा तिचा स्वभाव. तिचा दुसरा फोटो घरात नाही. जन्मभर कडेला राहिलेल्या त्या माउलीला आम्ही पानाच्या सोयीसाठी तेथूनही काढून टाकले होते! पुढे अखंड फोटोच्या प्रती काढून प्रत्येक घरी पाठवल्या आणि पहिल्या पानावर चिकटवून घ्यावयास विनविले. पण मनाची रुखरुख गेली नाही.

तेव्हापासून आम्ही काही पथ्ये पाळतो. जुना फोटो टिपावयाचा तर तो खिडकीजवळच्या सौम्य उजेडात सपाट ठेवावा. ऊन अंगावर घेऊ नये आणि फ्लॅशही टाळावा. फोन फोटोच्या बरोबर वर, समांतर धरावा, म्हणजे कडा तिरप्या होत नाहीत. चौकटीतील फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढू नये. ओढल्यास चित्राचा थरच काचेवर राहतो. काचेसकट टिपावा. दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवले तर ते आटते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. छपाईसाठी दर इंचाला 300 ठिपके असावेत, म्हणजे 4 इंच रुंदीच्या चित्राला 1200. कडा कापावयाच्याच असतील तर मूळ प्रत वेगळी ठेवून, कडेला कोण उभे आहे हे पाहूनच कापाव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाची ती चित्राखालची ओळ. डावीकडून उजवीकडे कोण कोण आहेत, त्यांचे परस्परांशी नाते काय, स्थळ कोणते, साल कोणते, एवढे लिहावे. साल नक्की ठाऊक नसेल तर 'सुमारे' म्हणावे. मूळ फोटोच्या पाठीवर लिहिताना बॉलपेन वापरू नये. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे.

वाचकहो, महाराष्ट्रापासून दूर स्थिरावलेल्या आपल्यासारख्या घरांत पाचदहा अल्बम हमखास असतात. त्यांतील चेहरे ओळखणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. ही ओळ कोणतेही यंत्र आपल्यासाठी लिहू शकणार नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहावी लागते. येत्या रविवारी दुपारी एखादा अल्बम उघडून आजीशेजारी बसावे. ती बोट ठेवील आणि नाव सांगेल. आपण फक्त लिहून घ्यावे.