अभ्यासाचे अंदाजपत्रक

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "बी. कॉम. होऊन नऊ वर्षे झाली. दोन मुले आहेत. गेल्या खेपेला एम.बी.ए.ची सीईटी दिली, ७२ पर्सेंटाइल मिळाले. हवे ते कॉलेज तेवढ्यावर मिळाले नाही. पुन्हा बसावेसे वाटते, पण घरचे म्हणतात, आता पुरे. दिवसाकाठी दोन तासांच्या वर वेळ निघत नाही. काय करू?"

ताई, जरूर बसा. राज्याच्या या परीक्षेला वयाची अट नाही, आणि दोन तास काही थोडे नव्हेत. मात्र सगळी पुस्तके पहिल्या पानापासून पुन्हा उघडू नका. महिनाअखेरीस पैसे पुरले नाहीत की आपण आधी हिशेबाची वही काढतो ना? इथेही तेच करायचे.

एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. मग गेलेल्या गुणांचे तीन रकाने पाडा: मुळात येतच नव्हते, येत असून चुकले, वेळ पुरला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातले गुण लवकर परत मिळतात, म्हणून सुरुवात तिथून. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, आपल्या मागे शंभरातले साधारण किती जण आहेत, ते. मधल्या गर्दीत थोडे गुण वाढले तरी बरेच जण मागे पडतात.

२०२५ च्या पेपरात १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम पाऊण मिनिट. तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. निम्मा पेपर तर्काचा आणि आकृत्यांचा! त्याला कॉलेजातले पाठांतर लागत नाही, रोजचा सराव लागतो. तुमची नऊ वर्षे इथे आड येत नाहीत.

बारा आठवड्यांची आखणी अशी करून पाहा. पहाटे घर उठायच्या आत सव्वा तास: एक दिवस तर्क, एक दिवस गणित. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आधी पक्के करा. दुपारी पाऊण तास इंग्रजी उतारा आणि थोड्या आकृत्या. रविवारी अडीच तास सलग पूर्ण पेपर, तोही संगणकावर, कारण परीक्षा तशीच असते. सोमवारी नवीन काही नाही, फक्त रविवारच्या चुका वहीत उतरवायच्या.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अडलेल्या प्रश्नावर रेंगाळू नका, आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवू नका.  वीस प्रश्न अंदाजाने भरले तर सरासरीने काही तरी बरोबर येतात. 'कॅट'ला मात्र ही युक्ती नको. तिथे पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले की एक गुण जातो.

राहता राहिले घरचे. त्यांच्याशी "शिकू का?" असा वाद घालत बसू नका. बारा रविवार, दुपारी दोन ते साडेचार, मुले आणि चहा कोण बघणार एवढेच ठरवून घ्या, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखांभोवती गोल करा. मागणी नेमकी असली की घरातली माणसेही सहसा नाही म्हणत नाहीत.