परमुलखाच्या वेशीवर

गेल्या मार्गशीर्षांतील एका सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तुळजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत आम्हीं त्यास चौथीपर्यंत शिकविलें होतें. पुढें दहावीच्या परीक्षेंत तो दोनदां नापास झाला व वेल्डिंगचें काम शिकला. नमस्कार करून त्यानें एक कागद आमच्या हातीं दिला व म्हणाला, "गुरुजी, दुबईचा व्हिसा आला. एवढें इंग्रजी वाचून सांगा." आम्हीं चष्मा लावून वाचलें. कागदावर साठ दिवसांच्या भेटीची परवानगी होती. नोकरीचा त्यांत उल्लेखहि नव्हता. मध्यस्थानें मात्र "तेथें पोहोंचल्यावर कामाचा कागद होईल" असें सांगून चाळीस हजार रुपये घेतले होते, आणि उरलेल्या ऐंशी हजारांसाठीं घरची दीड एकर जमीन गहाण पडण्याच्या बेतांत होती.

त्या मुलास आम्हीं काय सांगितलें तें शेवटीं येईलच. परंतु आज आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरचें कोणी ना कोणी परदेशीं आहे, किंवा जावयाच्या तयारींत आहे. आणि तरीहि व्हिसा म्हणजे नेमकें काय, याविषयीं सुशिक्षित घरांतहि मोठा घोटाळा आढळतो. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतों.

प्रथम पासपोर्ट व व्हिसा यांतील भेद ध्यानांत धरावा. हा मनुष्य आमचा आहे, असें आपलें सरकार ज्यांत लिहून देतें तो पासपोर्ट. या मनुष्यानें अमुक कामासाठीं आमच्या दारीं यावें, असें परक्याचें सरकार ज्यांत म्हणतें तो व्हिसा. पहिला आपल्या घरचा दाखला, दुसरें यजमानाचें आमंत्रण. नेपाळ व भूतान या शेजाऱ्यांकडे जावयास आपणां भारतीयांस व्हिसा लागत नाहीं. इतर बहुतेक देशांच्या वेशीवर तो कोणत्या ना कोणत्या रूपानें दाखवावा लागतो.

ही कल्पना साहेबानें आणली, असें कित्येकांस वाटतें. तें खरें नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, 'मुद्राध्यक्ष' नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी व मुद्रा असेल त्यानेंच जनपदांत यावें-जावें, असा नियम. देशांतलाच मनुष्य मुद्रेवांचून सांपडला तर बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगली तर त्याहून भारी. आणि ती बाळगणारा परदेशचा असेल तर सर्वांत मोठा दंड. मुद्रा तपासण्याचें काम कुरणांवरील अधिकाऱ्याकडे सोंपविलें होतें. आमच्याच जिल्ह्यांतील तेर म्हणजे जुनें तगर. तेथील माल भडोचच्या बंदरास जात असे, हें ग्रीक खलाशानें लिहून ठेविलें आहे. अशा वाटांवर कोण आला, कोण गेला, हें विचारणारा कोणी तरी असावयाचाच.

आणि वेस ओलांडणें म्हणजे काय, हें धाराशिवकरांस निराळें शिकवावें लागत नाहीं. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि शेजारची बार्शी व सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजी अमलांत. आमचे तीर्थरूप सांगत कीं, बार्शीच्या बाजारांतून परत येतांना करोडगिरीच्या नाक्यावर गांठोडें सोडून दाखवावें लागे, आणि नाका ओलांडला कीं कंपनी रुपया जाऊन हाली शिक्का सुरू होई. भाषा एक, देवी एक, सोयरीक एक. पण राज्य दुसरें. संस्थानांत सरकारी नोकरी हवी तर मनुष्य 'मुलकी' पाहिजे, आणि बाहेरून आलेल्यास तें होण्यास पंधरा वर्षांचें वास्तव्य लागे. परदेशांत कायमच्या वास्तव्यासाठीं वर्षानुवर्षें तिष्ठणाऱ्या आपल्या मुलांची स्थिति यावरून कळावी.

पूर्वीं देशोदेशींचीं दारें इतकीं बंद नव्हतीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या व १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. त्यांस आजच्या अर्थाचा व्हिसा लागला नाहीं. पुढें १९१७ च्या कायद्यानें अमेरिकेनें हिंदी लोकांस जवळजवळ मज्जाव केला. १९४६ सालीं दार किलकिलें झालें तें वर्षास अवघ्या शंभर माणसांपुरतें, आणि १९६५ च्या कायद्यानंतरच आपले इंजिनियर व डॉक्टर तेथें मोठ्या संख्येनें जाऊं लागले.

आतां प्रकार पाहूं. नांवें देशोदेशीं निराळीं असलीं तरी मुळाशीं प्रश्न एकच असतो: पाहुणा कशासाठीं येतो व किती दिवस राहणार?

वाटेंत विमान बदलण्यापुरता तो संक्रमण व्हिसा. देश पाहणें, आप्तांस भेटणें यासाठीं पर्यटक किंवा भेटीचा व्हिसा. यावर वेतन घेऊन काम करणें सामान्यतः निषिद्ध. युरोपांतील २९ देशांनीं मिळून जो शेंगेन व्हिसा ठेविला आहे, त्यावर कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. अमेरिकेचा भेटीचा व्हिसा आपल्या लोकांस पुष्कळदां दहा वर्षांचा मिळतो. पण त्याचा अर्थ दहा वर्षें राहावें असा नव्हे. प्रत्येक खेपेस किती दिवस राहावयाचें तें विमानतळावरील अधिकारी ठरवितो व तो काळ बहुधा सहा महिन्यांपर्यंत असतो. सुनेच्या बाळंतपणास जाणाऱ्या सासूबाईंनीं व्हिशावरील तारीख न पाहतां ही दुसरी तारीख पाहावी. मुलाखतींत "कशास जातां?" असें विचारल्यास "नातवंडास भेटावयास" हें खरें कारण सांगावें, कोणी पढविलेलें उत्तर देऊं नये. खोटें एकदां नोंदलें गेलें कीं पुढील सर्व दारें अवघड होतात.

विद्यार्थ्यांचा व्हिसा तिसरा. अमेरिकेंत सत्र चालू असतांना विद्यार्थ्यास सामान्यतः विद्यालयाच्या आवारांतच, आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करतां येतें. बाहेर कोणाच्या दुकानांत चोरून उभें राहणें म्हणजे शिक्षणावर पाणी सोडणें होय. चौथा नोकरीचा. अमेरिकेचा एच-१बी हा आपल्याकडे फार ऐकूं येतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार, व तेथील उच्च पदवीधरांस आणखी २० हजार. अर्ज त्याहून पुष्कळ अधिक येत असल्यानें निवड सोडतीनें होत आली आहे. तो प्रथम तीन वर्षांचा असतो व सामान्यतः सहा वर्षांपर्यंत वाढतो. सोबत जाणाऱ्या पत्नीस निराळा, आश्रिताचा व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी सरसकट करतां येत नाहीं, २०१५ पासून कांहीं अटींवर मुभा आहे. शिकली-सवरलेली मुलगी त्या घरीं देतांना तिला ही गोष्ट आधीं सांगावी. लग्नानंतर कळल्यास दोष कोणास द्यावयाचा? कायम वास्तव्याचें ग्रीन कार्ड हें त्यापुढचें. त्यांत एका देशास सात टक्क्यांहून अधिक वांटा नसल्यानें आपल्या लोकांची रांग फार लांब आहे.

आपला देशहि यजमान आहेच. पर्यटन, व्यापार, शिक्षण, नोकरी, औषधोपचार, संशोधन, परिषद अशा अनेक कारणांसाठीं भारत परकीयांस निरनिराळे व्हिसे देतो. जे आपले लोक परदेशचे नागरिक झाले, त्यांच्यासाठीं २००५ पासून ओसीआय नांवाचें कार्ड आहे. त्यावर आजन्म जा-ये करतां येते. पण मतदान करतां येत नाहीं व शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वडिलोपार्जित शेत वारशानें मात्र येऊं शकतें. एकत्र कुटुंबांत वांटणीच्या वेळीं हें ठाऊक असलेलें बरें.

आतां त्या मुलाकडे वळूं. १९८३ च्या कायद्यान्वयें, दहावी न झालेला मनुष्य आखाती व इतर कांहीं नेमलेल्या देशांत नोकरीस जाणार असेल, तर त्यास उत्प्रवासी संरक्षकाची संमति घ्यावी लागते. नोकरीचा करार, पगार, मालकाचें नांव हीं त्या वेळीं तपासलीं जातात. ती तपासणी चुकविण्यासाठींच त्यास भेटीच्या व्हिशावर धाडण्याचा घाट होता. तेथें गेल्यावर त्याच्या हातीं ना करार, ना दाद मागण्याचा मार्ग. उलट कायदा मोडल्याचा दोष त्याच्याच माथीं. लोकांस वाटतें कीं ही संमति म्हणजे अडाण्यांवरचा कलंक आहे. वस्तुतः ती राखण आहे.

आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें, "बाळ, या कागदावर जाऊं नकोस, आणि जमिनीच्या कागदावर अंगठाहि उठवूं नकोस." तो पुष्कळ वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई आली व म्हणाली, "गुरुजी, चाळीस हजार बुडाले, त्याचं काय?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ते पैसे परत आले नाहींत. चार वर्षें आम्हीं त्या मुलास पाढे व कविता पाठ करून घेतल्या. पण हातीं आलेला कागद संपूर्ण वाचल्यावांचून पैसा देऊं नये, एवढें शिकविलें नाहीं, ही रुखरुख आम्हांस आहे.

जमीन मात्र राहिली. त्यानें परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला असून आठवड्यांतून तीन सायंकाळीं तो आमच्याकडे इंग्रजी व गणित करावयास येतो. दहावी झाल्यावर संरक्षकाच्या संमतीची अट त्यास उरणार नाहीं. म्हणजे राखणहि उरणार नाहीं, आणि कागद त्याचा त्यासच तपासावा लागेल. म्हणून गेल्या आठवड्यांत क्रमिक पुस्तक बाजूस ठेवून आम्हीं त्यास नोकरीच्या कराराचा एक नमुना वाचावयास दिला. पहिल्या चार ओळी त्यानें बिनचूक वाचल्या. पांचव्या ओळींत अडला, तेव्हां अर्थ विचारला. वाचकांनींहि घरांतून कोणी परदेशीं निघाला तर त्याचा कागद एक वेळ असाच, शेवटच्या ओळीपर्यंत, वाचावा.